जुन्या पीसीला कोणतं ग्राफिक्स कार्ड चालेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दुकानदार नाही. नाशिकच्या सिडकोत राहतो, नोकरी सातपूरला, आणि ओळखीच्यांचे जुने पीसी उघडून बसायचा नाद आहे. बारावीची परीक्षा संपली किंवा दिवाळीचा बोनस झाला की फोन सुरू होतात : "दादा, अमुक कार्ड मिळतंय, घेऊ का?" उत्तर द्यायच्या आधी मला उलट पाच प्रश्न विचारावे लागतात, आणि तोवर समोरच्याने दुकानात टोकन देऊन टाकलेलं असतं. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. यातलं बहुतेक सगळं २०११ ते २०१८ च्या दरम्यानच्या स्वस्त पीसींबद्दल आहे : कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवो आणि एच ६१, एच ८१, एच ११० मदरबोर्डांवरचे असेम्बल्ड.

माझ्या पीसीला कोणतं कार्ड चालेल?

असं थेट सांगता येत नाही. जो फोनवर लगेच सांगतो, त्याच्याकडे बहुधा ते कार्ड विकायला पडलेलं असतं. कार्ड सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी डब्यात जागा किती ते बघा, मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारं युनिट) किती करंट देतो ते, मग बोर्डावरचा स्लॉट कोणत्या पिढीचा ते. लोक नेमकं उलटं करतात. यूट्यूबवर गेम किती एफपीएसने (सेकंदाला किती चित्रं) पळतोय ते बघून कार्ड पसंत करतात आणि मग विचारतात, "स्लॉट आहे ना?" स्लॉट असतोच हो. घोडं अडतं ते जागेवर आणि एसएमपीएसवर.

बोर्ड कोणता आहे हे डबा न उघडता कळतं का?

कळतं. विंडोजच्या स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधा; तिथे बेसबोर्ड किंवा सिस्टम मॉडेलच्या ओळीत नाव दिसेल. त्याहून बरं म्हणजे सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर : मेनबोर्डच्या पानावर बोर्ड, चिपसेट आणि बायोसची (बोर्डातलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) तारीख एकाच ठिकाणी मिळते.

पण डबा उघडावा लागणारच आहे. लेबलं आणि जागा सॉफ्टवेअर दाखवत नाही. (आपल्याकडे त्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणतात, मीही बोलताना म्हणतो. इथे मात्र सीपीयू म्हणजे प्रोसेसर आणि डबा म्हणजे डबा.)

स्लॉट ओळखायचा कसा?

ग्राफिक्सचा स्लॉट बोर्डावर सगळ्यात लांब असतो, साधारण नऊ सेंटीमीटर. प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा लांब स्लॉट बहुधा तोच. शेजारचे अडीच सेंटीमीटरचे छोटे स्लॉट वायफाय किंवा साउंड कार्डासाठी असतात.

यात एक फसगत आहे. काही बोर्डांवर लांब स्लॉट दोन असतात, पण दुसऱ्याच्या आत लेन (डेटा जायच्या वाटा) सोळाऐवजी चारच जोडलेल्या असतात. दिसायला जुळे भाऊ, ताकदीत फरक. कार्ड नेहमी प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये लावा. मूठभर आकाराचे जे मिनी पीसी मिळतात, त्यांच्यात हा स्लॉट नसतोच; त्यांचा विषय इथेच संपला.

माझा स्लॉट जुन्या पिढीचा आहे. नवं कार्ड बसेल का?

बसेल. पीसीआय एक्सप्रेस (हा स्लॉट याच पद्धतीचा) मागे-पुढे दोन्ही बाजूंनी जुळवून घेतं. जुन्या स्लॉटमध्ये नवं कार्ड जुन्या वेगाने चालतं. पण नुसतं चालणं आणि धड चालणं यांत अंतर आहे, आणि सगळ्यात जास्त पैसे याच अंतरात जातात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक पिढीत एका लेनचा वेग साधारण दुप्पट होत गेला. दुसऱ्या पिढीत एका लेनला सेकंदाला ५०० एमबी, तिसऱ्यात जवळपास १ जीबी, चौथ्यात जवळपास २ जीबी. म्हणजे दुसऱ्या पिढीच्या सोळा लेनच्या स्लॉटमधून सेकंदाला ८ जीबी जाऊ शकतात. जीटीएक्स १६५० हे कार्ड सोळाच्या सोळा लेन वापरतं, त्यामुळे जुन्या स्लॉटमध्येही त्याचं फारसं बिघडत नाही.

आता आरएक्स ६४०० घ्या. हे २०२२ चं कार्ड, वीज फक्त ५३ वॅट, लो प्रोफाइलमध्येही (कमी उंचीचं) मिळतं. ऑफिसवाल्या छोट्या डब्यासाठी कागदावर अगदी मापाचं. पण त्याला लेन फक्त चार आहेत. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या चार लेनमधून सेकंदाला ८ जीबीच्या आसपास जातात, तिसऱ्या पिढीवर निम्मे, आणि दुसऱ्या पिढीवर उरतात २ जीबी. त्यात कार्डाची मेमरी ४ जीबीच. ती भरली की कार्ड पीसीच्या रॅमकडे धावतं आणि ती धाव याच अरुंद बोळातून होते. गेम अडखळत चालतो, आणि माणूस ड्रायव्हरला शिव्या घालत बसतो. आरएक्स ६५०० एक्सटीचंही हेच : लेन चारच, आणि वर १०७ वॅट.

एच ६१ आणि एच ८१ बोर्ड असलेल्यांनी हे खास लक्षात ठेवा. एच ८१ वर प्रोसेसर कोणताही टाका, ग्राफिक्सचा स्लॉट दुसऱ्याच पिढीचा राहतो. एच ६१ वर इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय ३ किंवा आय ५ प्रोसेसर असेल तर तेच. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आणि त्याला साजेसा बायोस असेल तर काही बोर्डांवर स्लॉट तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतो. एच ११० पासून पुढे ही चिंता बरीच कमी होते.

डब्यातली जागा कशी मोजायची?

शाळेतली मोजपट्टी घ्या. तीन मापं हवीत.

पहिलं माप उंचीचं. डब्याच्या मागे कार्डाच्या टोकाच्या पत्र्याच्या पट्टीसाठी जी खाच असते ती मोजा. १२ सेंटीमीटरच्या आसपास असेल तर पूर्ण उंचीचं कार्ड बसेल. ८ च्या आसपास असेल तर फक्त लो प्रोफाइल. ऑफिसांतून आलेले बारीक, आडवे ठेवता येणारे डबे जवळजवळ सगळे ८ वाले. लो प्रोफाइल कार्डासोबत छोटी पट्टी खोक्यात आहे ना, हे दुकानातच बघा; सेकंडहँडमध्ये ती हमखास हरवलेली असते आणि मग कार्ड स्लॉटमध्ये नुसतं लोंबकळत राहतं.

दुसरं माप जाडीचं. एका खाचेला सुमारे दोन सेंटीमीटर. दोन खाचांचं कार्ड घ्यायचं असेल तर स्लॉटच्या शेजारी दोन सेंटीमीटर मोकळे हवेत, आणि पंख्याला श्वास घ्यायला थोडी जागा वेगळी. काही बारीक डब्यांत लांब स्लॉट एकदम कडेला, एसएमपीएसला चिकटून असतो; तिथे एका खाचेचंच कार्ड बसतं.

तिसरं लांबीचं. मागच्या पत्र्यापासून पुढे हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत मोजा. हार्डडिस्कला जाणाऱ्या साटाच्या वायरी स्लॉटच्या पुढे सरळ वर उभ्या असतील तर तेवढी जागा वजा करा.

माझी स्वतःची फजिती सांगतो. भाच्यासाठी सेकंडहँड डेल ऑप्टिप्लेक्स घेतला होता, बारीक डब्याचा. एम.जी. रोडवरच्या एका दुकानातून १०५० टीआय कार्ड उचललं, दोन पंख्यांचं, झकपक. घरी येऊन डबा उघडला तर कार्डाची पट्टी चार सेंटीमीटरने जास्त. दुकानदार म्हणाला, "सील फोडलंय साहेब, परत नाही होणार." त्याचं चुकलं असं नाही म्हणता येणार, मोजपट्टी माझ्या घरात होती. भाचा दोन आठवडे डब्याचं झाकण उघडं ठेवून, कार्ड उभ्या-आडव्या कुठल्याही कोनात बसतंय का ते बघत होता. बसलं नाही.

एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलंय. पुरेल ना?

मोठ्या अक्षरातला आकडा विसरा. लेबलवर छोट्या अक्षरांत एक तक्ता असतो, त्यातला १२ व्होल्टच्या खालचा अँपिअरचा आकडा वाचा आणि त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. माझ्या हातात आलेल्या एका 'साडेचारशे'च्या लेबलवर १२ व्होल्टला १६ अँपिअर होते : १९२ वॅट. बाकीचे वॅट कुठे गेले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. याउलट ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या बारीक डब्यात २५५ वॅटच लिहिलेले असतात, पण ते खरे असतात. त्या 'साडेचारशे'पेक्षा मी या अडीचशेवर जास्त विश्वास ठेवतो.

हिशेब असा करा. आय ५-४५७० चे ८४ वॅट, कार्डाचे ७५, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून पन्नासेक. झाले २१० च्या आसपास. पूर्ण भार पडल्यावर एसएमपीएस काठोकाठ भरू नये, थोडी हवा राहावी. म्हणून अशा ब्रँडेड डब्यांत मी ७५ वॅटच्या वर जात नाही.

७५ वॅटच का?

स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो. त्यापेक्षा जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते : सहा पिनची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनची १५०. जुन्या स्वस्त एसएमपीएसला आणि ऑफिसच्या बऱ्याच डब्यांना अशी वायरच नसते. म्हणून वेगळी वायर न लागणारी कार्डं हीच आपली खरी यादी, आणि ती फार मोठी नाही. जीटी १०३० चे ३० वॅट, आरएक्स ५५० चे ५०, आरएक्स ६४०० चे ५३, आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबीवाल्याचे ७०, जीटीएक्स १०५० टीआय आणि १६५० चे ७५.

शेवटच्या दोघांत सावध राहा. कंपनीने थोडा वेग वाढवून विकलेल्या काही मॉडेलांवर सहा पिनचं तोंड असतं. नाव तेच, खोकंही तसंच. कार्डाच्या वरच्या कडेला तोंड आहे का हे डोळ्यांनी बघून घ्या. आणि ३०५० मागताना '६ जीबी' आवर्जून म्हणा. ८ जीबीवालं १३० वॅटचं आहे आणि त्याला वायर लागतेच.

साटाच्या वायरीपासून सहा पिन बनवणारा कनेक्टर मिळतो. तो लावू?

नको. साटाच्या पॉवर प्लगला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. एकूण ५४ वॅट. त्यातून ७५ ओढायला गेलात तर प्लॅस्टिक वितळतं, आणि वास आल्यावरच कळतं.

मग एसएमपीएसच बदलतो.

असेम्बल्ड डब्यात खुशाल बदला. चांगल्या कंपनीचा, ८० प्लसचं (वीज कमी वाया घालवण्याचं) चिन्ह असलेला, सहा किंवा आठ पिनची वायर असलेला घ्या. खरं सांगायचं तर कार्डाच्या बजेटमधून थोडे काढून इथे टाकलेले पैसे सगळ्यात शहाणे.

ब्रँडेडमध्ये मात्र थांबा. ऑप्टिप्लेक्स ३०२० आणि ९०२० मध्ये बोर्डाला चोवीस पिनच्या जागी आठ पिनचाच प्लग असतो. एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी १ मध्ये सहा पिनचा. नेहमीचा एसएमपीएस सरळ लागत नाही. मधली रूपांतर करणारी वायर मागवावी लागते. बारीक डब्यात तर नेहमीच्या आकाराचा एसएमपीएस मावतही नाही.

घरात सहाशेचा यूपीएस आहे. कार्डाने काही फरक पडेल?

यूपीएसवरचे ६०० हे व्हीए आहेत, वॅट नाहीत. असे यूपीएस बहुधा ३६० वॅटचे असतात. पीसी २०० आणि मॉनिटर ३० धरला तर लाइट गेल्यावर सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळेल, मॅच संपवण्याइतका नाही. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर तेवढाही मिळणार नाही.

लाइटचा विषय निघालाच आहे तर अर्थिंग तपासा. पंचवटी, जुनं नाशिक इथल्या वाड्यांमध्ये तीन पिनचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. डब्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर नवं कार्ड लावण्याआधी वायरमनला बोलवा. हे कार्डापेक्षा तुमच्यासाठी महत्त्वाचं.

माझा मॉनिटर निळ्या पिनचा, व्हीजीए आहे.

हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही, कार्ड घरी आल्यावर विचारतात. एनव्हिडियाने १० मालिकेपासून (१०३०, १०५० वगैरे) कार्डातून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल काढून टाकला. म्हणजे १०५० टीआयवर डीव्हीआयचं तोंड दिसलं तरी त्याला ते जुनं, स्वस्त, नुसत्या पिना बदलणारं व्हीजीए अॅडॉप्टर लागणार नाही. एचडीएमआयपासून व्हीजीए बनवणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो. मिळतो, चालतो, पण त्याचे पैसे आधीच हिशेबात धरा.

बायोसचं काय? कार्ड लावल्यावर स्क्रीन काळीच राहते म्हणतात.

राहू शकते. २०१२ च्या आसपास बोर्ड जुन्या बायोसकडून यूईएफआयकडे गेले. अगदी नवी कार्डं सुरुवातीचं चित्र यूईएफआयच्या पद्धतीने दाखवतात. काहींत जुन्या पद्धतीची सोय ठेवलेलीच नसते. मग जुन्या बोर्डावर पंखा फिरतो, दिवे लागतात आणि पडदा काळा. उपाय म्हणजे कार्ड घेण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून शेवटचा बायोस टाकून घेणे. तो टाकताना लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो, म्हणून यूपीएसवर, दिवसाउजेडी. एच ६१ च्या जमान्यातल्या बोर्डावर मी स्वतः १६५० च्या पुढे जात नाही.

आणि एक. यूट्यूबवर बघून कुणीतरी बायोसमध्ये 'सीएसएम' (जुन्या पद्धतीची सोय) बंद करतं. तुमची विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेली असेल तर त्यानंतर ती सुरूच होणार नाही. घाबरू नका, परत चालू केलं की येते.

इंटेलचं आर्क कार्ड स्वस्त मिळतंय.

जुन्या पीसीसाठी नाही. त्याला रिसायझेबल बार नावाची सोय लागते आणि इंटेल स्वतःच दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सुचवतं. त्याशिवाय वेग फार पडतो.

जीटी ७१० किंवा ७३० घेऊ? बजेट तेवढंच आहे.

नका घेऊ. यातल्या केप्लर चिपला एनव्हिडियाने २०२१ नंतर नवे गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलं. डीडीआर ३ मेमरीवालं ७३० हे आठव्या पिढीच्या इंटेलमध्ये फुकट येणाऱ्या यूएचडी ६३० ग्राफिक्सच्या आसपासच आहे. बोर्डाचं डिस्प्लेचं तोंड मेलंय आणि नुसतं चित्र हवंय, एवढ्यापुरतं ठीक.

जीटी १०३० मध्येही दोन जाती आहेत. जीडीडीआर ५ वालं २०१७ मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर ४ वालं. मेमरीचा वेग पहिल्यात सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्यात १७ च्या आत. नाव एक, माल दुसरा. खोक्यावरची ती एक ओळ वाचा.

१०५० टीआय अजून घेण्यासारखं आहे का?

सेकंडहँड, स्वस्तात आणि एसएमपीएस कमजोर असेल तर हो. पण हे २०१६ चं कार्ड आहे. एनव्हिडियाने त्या पिढीचे नवे गेम-ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील असं जाहीर केलंय. भावात थोडाच फरक असेल तर १६५० घ्या, ती पुढची पिढी आहे.

नवं कार्ड टाकलं की सगळे गेम चालतील ना?

नाही, आणि इथे कार्डाचा दोष नसतो. दोन कोअरच्या आय ३-२१०० ला कितीही चांगलं कार्ड द्या, गर्दीच्या प्रसंगात प्रोसेसरच धापा टाकतो. शिवाय काही नव्या गेमना एव्हीएक्स २ नावाच्या सूचना लागतात, आणि त्या इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत नाहीत. चौथ्या पिढीच्या आय ३ पासून आहेत. व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल लागतो. म्हणून चौथ्या पिढीच्या मशिनवर महागडं कार्ड घेणाऱ्याला मी विचारतो, "आणखी किती वर्षं वापरणार?"

हार्डडिस्क अजून जुनी फिरणारी असेल आणि रॅम ४ जीबी असेल, तर आधी एसएसडी आणि ८ जीबी रॅम. अर्ध्या लोकांची कार्डाची तहान तिथेच भागते.

गेम नाही, काम आहे. ड्रॉइंग आणि लग्नाचे व्हिडिओ.

ऑटोकॅडमधलं सपाट ड्रॉइंग मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी घरून ड्रॉइंग काढणारे मित्र आहेत. त्यांना मी कार्डाआधी रॅम घ्यायला लावली आणि ते अजून बोलतात माझ्याशी. थ्रीडीचं काम असेल तर गोष्ट वेगळी.

व्हिडिओवाल्यांसाठी महत्त्वाची गोष्ट : जीटी १०३० आणि आरएक्स ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही. एक्स्पोर्टला त्यांची मदत मिळणार नाही. १०५० टीआय आणि १६५० मध्ये तो आहे. टॅलीसाठी कार्ड विचारणाऱ्या काकांना नमस्कार. तुम्हाला काहीच घ्यायची गरज नाही.

सेकंडहँड घेताना काय बघायचं?

कार्ड पीसीत लावलेलं, चालू असलेलं बघितल्याशिवाय पैसे नाहीत. पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) घेऊन जा. जुन्या जीटीएस ४५० सारख्या चिपवर नवं नाव लिहून '१०५० टीआय' म्हणून विकलेली कार्डं फिरतात. जीपीयू-झेड अशांच्या नावापुढे 'फेक' लिहून दाखवतं. एक खूण डोळ्यांनीही दिसते : १०५० टीआयच्या पाठीमागे निळं व्हीजीए तोंड दिसलं की संशय घ्या, कारण वर सांगितलं. आरएक्स ५८० घेताना '२०४८ एसपी' लिहिलंय का बघा, ते खरं तर ५७० च आहे.

मग पंधरा मिनिटं भार टाकून बघा. पंखा खरखरतोय का, चित्रात ठिपके किंवा पट्टे येतात का, तापमान चढतच राहतं का. स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्यात हेच कार्ड आणखी तापणार आहे.

मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जावं का, असंही विचारतात. पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन यायचं भाडं आणि सुट्टी धरा. भावात तेवढा फरक असेल तर जा. पण बिघडल्यावर परत कोण जाणार हेही घरातून निघण्याआधी ठरवा. मी वॉरंटीचं, जीएसटीचं बिल देणारा गावातला दुकानदार थोडा महाग असला तरी पत्करतो.

कार्ड लावलं, पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही.

मॉनिटरची वायर कुठे लावलीय? दहापैकी निम्म्या वेळा ती अजून बोर्डाच्याच तोंडात असते. ती कार्डाच्या तोंडात लावा.

तरी नाही? कार्ड काढून पुन्हा बसवा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी 'टक' वाजली पाहिजे. रॅमच्या पट्ट्या काढून परत बसवा. कार्ड बसवताना हाताने त्या हललेल्या असतात. सहा पिनचं तोंड असेल तर त्यात वायर आहे का बघा. बीप ऐकू येत असेल तर किती वेळा ते मोजा, ब्रँडेड पीसीच्या मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ दिलेला असतो. शेवटी तेच कार्ड दुसऱ्याच्या पीसीत लावून बघा. तिथे चाललं तर प्रश्न तुमच्या बायोसचा किंवा एसएमपीएसचा.

चालू झालं, पण जीपीयू-झेडमध्ये स्लॉट १.१ दाखवतोय. फसवलं का मला?

नाही. काम नसताना कार्ड वीज वाचवायला वेग खाली आणतं. त्या ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी चाचणी चालवा, आकडा वर जाईल. लेनचा आकडा मात्र सोळाच्या कार्डाला आठ किंवा चार दाखवत असेल तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा चुकीच्या स्लॉटमध्ये आहे.

घरी येऊन बघाल का?

रविवारी सकाळी, डबा घेऊन तुम्हीच सिडकोत या. त्याआधी चार फोटो पाठवा : एसएमपीएसचं लेबल, लांब स्लॉट, डब्याची मागची बाजू आणि मॉनिटरच्या वायरीचं टोक. आणि टोकन दिलं असेल तर तेही आधीच सांगा.